अक्षहृदय आणि कॅसिनोचा हिशेब

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ चार वर्षांनी घरी आला. तो अमेरिकेत लास व्हेगास येथे नोकरीस आहे. फराळाला बसलो असताना तो सहज म्हणाला, "मी आठवड्यातून एकदा कॅसिनोत जातो. पण तो जुगार नव्हे, हिशेब आहे. वर्षभर असंच जमलं तर नोकरी सोडीन म्हणतो." मामीच्या हातातला चकल्यांचा डबा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तिने मला बाजूला घेतले. "तू आकडेमोड शिकतेस ना? मग तो म्हणतो ते खरं की खोटं, एकदा बघ." प्रस्तुत लेख म्हणजे तेच पाहण्याचा प्रयत्न होय.

आरंभीच कबूल करते की, दादाचे म्हणणे खोटे असणार असे धरूनच मी कागद-पेन्सिल घेतली होती. कॅसिनो नफ्यावर चालतो, म्हणजे गिऱ्हाईक तोट्यात असणारच, असा माझा सरळ तर्क होता. सर्व गिऱ्हाइकांची बेरीज घेतली तर तो खराही आहे. परंतु बेरजेतला प्रत्येक आकडा बेरजेसारखाच असतो असे नाही.

दादा खेळतो तो व्हिडिओ पोकर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेव्हाडात साय रेड या उद्योजकाने ही यंत्रे लोकप्रिय केली. पडद्यावर ५२ पत्त्यांच्या कॅटातील पाच पत्ते येतात. हवे ते ठेवावयाचे, उरलेले एकदाच बदलावयाचे, आणि जमलेल्या डावाप्रमाणे पैसे मिळावयाचे. नेव्हाडाच्या नियमांनुसार पत्ते दाखविणाऱ्या यंत्रात प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या कॅटाइतकीच असावी लागते. कोणत्या डावाला किती पैसे, हे कोष्टकही पडद्यावरच असते. त्यामुळे फिरत्या चित्रांच्या यंत्रात जे करता येत नाही, ते येथे करता येते: पूर्ण गणित मांडता येते. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० डाव संभवतात आणि प्रत्येक डाव ठेवण्या-टाकण्याच्या ३२ रीती असतात. त्यांतली सर्वोत्तम रीत कोणती, हे संगणकाने केव्हाच काढून ठेवले आहे.

कौशल्य म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. हाती बदामाची ३, ६, ८, १० आणि किलवरची ६ आली. मन म्हणते, सहाची जोडी आयती जमली आहे, ती मोडू नये. पण 'जॅक्स ऑर बेटर' या प्रकारात गुलामांच्या जोडीपासून पुढेच पैसे मिळतात. जोडी ठेवली तर लावलेल्या एका डॉलरमागे सरासरी ८२ सेंट परत येतात. जोडी मोडून चार बदाम ठेवले, तर उरलेल्या ४७ पत्त्यांत ९ बदाम आहेत आणि पाच बदाम जमल्यास सहापट मिळते. म्हणजे सरासरी १ डॉलर १५ सेंट झाले. कुशल खेळाडू जोडी मोडतो. अशा शेकडो निर्णयांत चूक न करणे, एवढेच त्याचे कौशल्य.

या प्रकाराचे जे यंत्र फुल हाउसला नऊपट आणि फ्लशला सहापट देते, त्यावर निर्दोष खेळाने, पूर्ण पाच नाणी लावल्यास, दीर्घकाळात ९९.५४ टक्के परत येतात. तेच यंत्र आठ आणि पाच देऊ लागले की परतावा ९७.३० टक्क्यांवर उतरतो. पडद्यावरचे दोनच आकडे बदलतात, आणि पुष्कळ जण ते वाचीतही नाहीत. दुर्रीला कोणत्याही पत्त्याची जागा घेऊ देणाऱ्या 'ड्यूसेस वाइल्ड'च्या सर्वांत उदार कोष्टकात तर परतावा १००.७६ टक्के होता. अशी यंत्रे आता क्वचितच आढळतात.

आता उरला ०.४६ टक्क्यांचा तोटा. तो भरून काढतात कॅसिनोच्या सवलती. सभासद-कार्ड यंत्रात घातले की खेळलेल्या रकमेवर गुण जमतात व त्यांचे पैसे मिळतात. शिवाय जेवणाची कूपने, मोफत खोली, आणि एखाद्या वारी तिप्पट गुण. समजा, एरवी ०.२५ टक्के परत मिळतात. मग तिप्पट गुणांच्या दिवशी ०.७५ टक्के मिळतील. तोटा ०.४६, सवलत ०.७५, म्हणजे खेळाडूचा नफा ०.२९ टक्के! दादाचे म्हणणे खरे होते. मामीला हे कसे सांगावे, अशा विचारात मी पडले.

परंतु टक्केवारीवर थांबू नये, असे आमचे सर नेहमी सांगतात. मी तिचे डॉलर केले. २५ सेंटच्या यंत्रावर पाच नाणी म्हणजे डावाला सव्वा डॉलर. तासाला ६०० डाव, म्हणजे ७५० डॉलरची उलाढाल. तिच्यावर ०.२९ टक्के म्हणजे तासाला सुमारे २ डॉलर १८ सेंट! नेव्हाडात २०२४ च्या जुलैपासून किमान वेतनच तासाला १२ डॉलर आहे.

आणि हे दोन डॉलरही दर तासाला हाती पडत नाहीत. एका रंगातील दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का असा 'रॉयल फ्लश' सरासरी सुमारे ४०,४०० डावांत एकदा येतो. म्हणजे ६७ तासांनी. त्याचे १,००० डॉलर मिळतात आणि सगळा नफा त्यातच दडलेला असतो. तो येईपर्यंत तिप्पट गुण धरूनही तासाला पावणेतेरा डॉलर जात राहतात, ६७ तासांत सुमारे ८५०. आणि तेवढे तास खेळूनही तो मुळीच न येण्याची शक्यता ३७ टक्के आहे. अपेक्षित नफा १४६ डॉलर, तर प्रमाण विचलन सुमारे १,१०० डॉलर. हे प्रमाण पाहिले की 'वर्षभर जमले तर' या शब्दांचा अर्थ कळतो. वर्षभर जमणे हा कौशल्याचा पुरावा नव्हे आणि न जमणे हा अकौशल्याचाही नव्हे.

शिवाय अटी खेळाडूच्या हाती नसतात. तिप्पट गुण उद्या दुप्पट होऊ शकतात. नेव्हाडात कुशल खेळाडूला खेळण्यास मज्जाव करण्याचाही कॅसिनोला अधिकार आहे. त्यातच, २०२५ साली मंजूर झालेल्या अमेरिकी कायद्याने करासाठी जुगारातील तोट्याची ९० टक्केच वजावट धरण्याची तरतूद २०२६ पासून केली. ०.२९ टक्क्यांच्या नफ्याला एवढा धक्का पुरेसा आहे.

दादाने मला त्याची वही दाखविली होती. प्रत्येक खेपेची जीत-हार सुवाच्य अक्षरात होती. मी विचारले, "दादा, यात तासांचा रकाना कुठे आहे?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग बोटांवर मोजू लागला. जाणे-येणे, सरावाचे तास, सवलतींची पत्रके वाचण्याचे तास, सारे मोजले. अर्थशास्त्रात ज्याला आपण संधिव्यय म्हणतो, तो त्याच्या हिशेबात नव्हताच.

मी आणखी एक प्रश्न विचारला, "मग कॅसिनो अशी यंत्रे ठेवतो तरी का?" त्याने सांगितले, शेजारच्या यंत्रावर रोज एक आजीबाई बसतात. त्या लहान जोडी कधीच मोडत नाहीत. त्यांना तो हे कधी बोलला नव्हता. नताशा डाऊ शुल या विदुषीने २०१२ साली लास व्हेगासच्या यंत्र-जुगारावर जो अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात असे दिसते की अनेक जण जिंकण्यासाठी नव्हे, तर खेळण्याच्या तंद्रीत राहण्यासाठी खेळतात. दादाचे कूपनावरचे मोफत जेवण कोणाच्या पैशाने शिजत होते, हे तेव्हा आम्हा दोघांनाही उमगले.

महाभारतात नळाला ऋतुपर्ण अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवतो. आपले गणनेतील प्रभुत्व तो आधी बेहड्याच्या झाडाची पाने व फळे मोजून दाखवतो. ही विद्या मिळताच नळाच्या अंगातून कली बाहेर पडतो. पुढे नळ पुष्कराला हरवून आपले राज्य परत मिळवितो, पण त्या विद्येचा रोजगार मात्र करीत नाही.

तात्पर्य, कुशल खेळाडूला नफा होऊ शकतो काय? होय, मोजक्या यंत्रांवर, मोजक्या दिवशी आणि सवलत टिकेल तोवर. त्यावर पोट भरता येईल काय? माझा हिशेब नाही म्हणतो. मामीला मी एवढेच सांगितले, "दादा खोटं बोलत नाही, पण त्याने नोकरी सोडू नये." संक्रांतीला त्याचा निरोप आला. नोकरी चालू आहे, आणि वहीत तासांचा रकाना घातला आहे. आजीबाईंना सांगितले की नाही, ते मात्र त्याने कळविले नाही, आणि मीही अजून विचारलेले नाही.