हस्तदोष आणि न्याय

विद्यार्थिमित्रहो, ‘ध’ चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार आपण नेहमीं ऐकतों. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांस धरण्याचा जो हुकूम निघाला, त्यांतील ‘धरावें’ ह्या शब्दाचें ‘मारावें’ केलें गेलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एका अक्षरावर मनुष्याचें आयुष्य अवलंबून असूं शकतें, हें तत्त्व मात्र खरें आहे. तो बदल बुद्धिपुरस्सर केला असें म्हणतात. परंतु लिहितांना नकळत जी चूक घडते, तिला हस्तदोष म्हणतात. फौजदारी शिक्षेच्या कागदांत असा दोष राहिल्यास तो कसा सुधारतात, हें आज पाहूं.

न्यायाधीशांनीं निकालावर सही केली, कीं तो निकाल त्यांच्याही हातचा राहत नाहीं. कालचें मत आज पालटलें म्हणून शिक्षा कमी-अधिक करण्याचा अधिकार त्यांस नाहीं. असें नसतें, तर कोणताच निकाल कायम झाला नसता, आणि वजनदार माणसें रोज न्यायालयाच्या दारीं बसलीं असतीं. मात्र कायद्यानें एक लहानसें दार उघडें ठेविलें आहे. लिहिण्यांतील किंवा हिशेबांतील चूक सहीनंतरही दुरुस्त करतां येते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत हा नियम कलम ३६२ मध्यें होता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तो कलम ४०३ मध्यें आहे.

एक उदाहरण घेऊं. समजा, बीड येथील न्यायालयानें एका इसमास दोन वर्षांची कैद सांगितली. खटला चालू असतां तो ११० दिवस कच्च्या कैदेंत होता. ते दिवस कायद्याप्रमाणें शिक्षेंतून वजा व्हावयाचे. परंतु तुरुंगाकडे जाणाऱ्या वॉरंटांत कारकुनाच्या हातून ११ च दिवस लिहिले गेले. तुरुंगाधिकाऱ्यास वॉरंटाबाहेर जातां येत नाहीं. म्हणजे एक शून्य गळाल्यामुळें तो मनुष्य ९९ दिवस अधिक कोंडला जाईल! अशा वेळीं त्याच न्यायालयाकडे अर्ज करावा. मूळ कागदपत्रांशीं ताडून पाहून तेथें चूक सुधारली जाते. परंतु ‘दोन वर्षें फार झालीं, एकच करा,’ असें म्हणावयाचें असेल, तर वरिष्ठ न्यायालयांत अपीलच केलें पाहिजे. कसोटी सोपी आहे : लिहिणाऱ्याचा हात चुकला, कीं न्यायाधीशांचें मत चुकलें? कैदेची शिक्षा झालेल्यास निकालाची नक्कल विनामूल्य मिळते. ती घडी करून ठेवण्यापूर्वीं कोणाकडून तरी वाचून घ्यावी.

कांहीं चुका मात्र न्यायालयाच्या कागदापूर्वींच्या असतात. पुण्यांत १९९४ सालीं घडलेल्या एका हत्याकांडांतील आरोपीस १९९८ सालीं फांशीची शिक्षा झाली. खटल्याच्या कागदांत त्याचें नांव निराळें होतें, व तो प्रौढ समजला गेला होता. पुढें राजस्थानांतील त्याच्या शाळेच्या नोंदींवरून गुन्ह्याच्या वेळीं तो अवघा साडेबारा वर्षांचा होता, असें दिसून आलें. २७ मार्च २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य करून त्यास मुक्त केलें. तोंपर्यंत त्याचीं २८ वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं. हा केवळ हस्तदोष नव्हता, म्हणून वर सांगितलेलें लहान दार त्यास पुरलें नसतें. परंतु आरोपी अल्पवयीन होता, हा मुद्दा कायद्यानें निकालानंतरही केव्हांही मांडतां येतो.

आपल्या जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं परगांवीं जातात. घाईगर्दींत मुलाची जन्मतारीख अंदाजानें सांगितली जाते, आणि शाळेच्या रजिस्टरांत तीच कायम होते. पालकांनीं ती नोंद एकदां पाहावी. वाचतां येत नसेल, तर मुलाकडूनच वाचून घ्यावी.

आणि विद्यार्थिमित्रहो, एक शून्य गळालें म्हणून गुरुजींनीं सबंध उदाहरण पुन्हां करावयास सांगितलें, तर कुरकुर करूं नका. त्या शून्यांत कोणाचे तरी ९९ दिवस असूं शकतात.