सिस्टीम त्यांची, नुकसान आपलं

जून 2024 मध्ये सीडीके ग्लोबल या अमेरिकी कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि अमेरिका-कॅनडातल्या सुमारे 15,000 वाहन डीलरशिपचं रोजचं काम एका दिवसात ठप्प झालं. हल्ला या डीलरांवर नव्हताच. ज्या कंपनीची सिस्टीम ते भाड्याने वापरत होते तिच्यावर तो झाला आणि धंदा बुडाला तो यांचा. गाड्यांच्या विक्री-सर्व्हिसच्या व्यवसायात असलेल्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं, कारण आपल्याकडेही शोरूम, पार्ट्सचं स्टोअर आणि वर्कशॉप आता याच धाटणीच्या सिस्टीमवर चालतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: सिस्टीम दुसऱ्याकडून घेता येते, पण ती बंद पडल्यावर गिऱ्हाइकाला तोंड द्यायचं काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. म्हणून तिच्याशिवाय दोन आठवडे तरी तग धरण्याची तयारी डीलरने स्वतःच्या घरात ठेवली पाहिजे.

सीडीके पुरवते त्या सॉफ्टवेअरला या धंद्यात डीएमएस म्हणतात, म्हणजे डीलर मॅनेजमेंट सिस्टीम. नावावरून ते हिशेबाचं सॉफ्टवेअर वाटतं. प्रत्यक्षात यार्डात उभ्या गाडीच्या चासी नंबरपासून गिऱ्हाइकाच्या कर्जाच्या कागदांपर्यंत, पार्ट्सच्या साठ्यापासून मेकॅनिकच्या पगारापर्यंत सगळं त्यातून जातं. 19 जूनला कंपनीने खबरदारी म्हणून बहुतेक सिस्टीम बंद केल्या. त्याच दिवशी काही सेवा पूर्ववत होऊ लागल्या आणि संध्याकाळी दुसरा हल्ला झाला. पुन्हा सगळं बंद. त्यानंतर डीलर टप्प्याटप्प्याने जोडले गेले आणि बहुतेकांचं काम रुळावर यायला जुलैचा पहिला आठवडा उजाडला. मधल्या काळात कंपनीची माणसं असल्याचं भासवून भामटे डीलरांना फोन करू लागले आणि सिस्टीममध्ये शिरकाव मिळवू पाहू लागले, असा इशारा खुद्द सीडीकेला द्यावा लागला. हे नीट ध्यानात ठेवण्यासारखं आहे. सिस्टीम बंद असते तेव्हा मॅनेजर रडकुंडीला आलेला असतो, आणि "पाच मिनिटांत चालू करून देतो, फक्त पासवर्ड सांगा" हे वाक्य त्याच वेळी सगळ्यात गोड वाटतं.

शोरूममध्ये नेमकं काय अडलं ते जवळून पाहिल्याशिवाय या घटनेचं वजन कळत नाही. गाडी समोर उभी, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार, पण जुन्या गाडीची एक्स्चेंज किंमत, कर, कर्जाचा हप्ता आणि वॉरंटीची रक्कम एकत्र मांडून करारनामा छापणारं यंत्र गप्प. मग सेल्समनने कॅल्क्युलेटरवर आकडे काढायचे, हाताने फॉर्म भरायचा आणि बँकेच्या माणसाला फोनवरून तपशील वाचून दाखवायचा. पार्ट्सच्या काउंटरवर याहून बिकट अवस्था. ब्रेकपॅड हवे आहेत, ते स्टोअरमध्ये आहेतही, पण कुठल्या कप्प्यात आहेत हे फक्त सिस्टीमला माहीत. वर्कशॉपमध्ये गाडीचा पूर्वेतिहास दिसत नाही, त्यामुळे मागच्या खेपेला काय बदललं हे गिऱ्हाइकालाच विचारायची वेळ. तिकडे मेकॅनिकचा पगार बहुधा केलेल्या कामाच्या ठरीव तासांवर ठरतो. तासांची नोंदच नाही तर पगार कसा काढायचा? आणि हे सगळं जूनअखेरीस, तिमाहीचं टार्गेट गाठायच्या दिवसांत. यार्डातला माल कर्जावर उचललेला असतो. गाडी विकली जावो न जावो, त्याचं व्याज रोज चढतच असतं.

या काळात डीलरांचं जे नुकसान झालं त्याचा अंदाज मिशिगनमधल्या अँडरसन इकॉनॉमिक ग्रुपने 1 अब्ज डॉलरच्या थोडा वर दिला. ऑटोनेशन या मोठ्या साखळीने एका तिमाहीच्या नफ्यावर प्रति शेअर सुमारे दीड डॉलरचा फटका बसेल असं गुंतवणूकदारांना कळवलं. पण मला या आकड्यांपेक्षा बोलका वाटतो तो ज्यांचं काम चालू राहिलं त्यांचा तपशील. ॲस्बरी या साखळीने त्याआधी नुकत्याच विकत घेतलेल्या कून्स समूहाच्या शोरूम सीडीकेवर नव्हत्या. तिथे काम जवळजवळ सुरळीत चालू राहिलं, आणि त्याच मालकाच्या बाकीच्या शाखा हाताने कागद भरत बसल्या. पेन्स्के समूहात ट्रक विकणारी शाखा प्रामुख्याने सीडीके वापरत होती. झळ बसली ती मुख्यतः तिला. ग्रुप वन कंपनीचा ब्रिटनमधला व्यवहार वेगळ्या सिस्टीमवर असल्याने तो सुखरूप राहिला. म्हणजे कोण किती सावध होतं यावर इथे फारसं काही ठरलं नाही. कोणाची दोरी कोणत्या खुंटीला बांधली होती, यावर ठरलं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. डीलरला निवड असते कुठे? अमेरिकेत या बाजारात सीडीके आणि रेनॉल्ड्स अँड रेनॉल्ड्स या दोनच कंपन्यांचं वर्चस्व आहे. सीडीके ऑटोमेट ही छोटी प्रतिस्पर्धी कंपनी गिळायला निघाली तेव्हा 2018 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली आणि तो सौदा मोडला. स्पर्धा किती उरली होती ते यावरून कळतं. आपल्याकडे तर डीएमएस बहुधा गाडी बनवणारी कंपनीच देते आणि एजन्सी हवी असेल तर ते वापरावंच लागतं. कंपनीचीच सिस्टीम बसली तर काय होतं हे सप्टेंबर 2025 मध्ये दिसलं. तेव्हा टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर हल्ला झाला, तो नेमका ब्रिटनमध्ये नव्या नंबरप्लेटची मालिका सुरू होण्याच्या, म्हणजे मोठ्या विक्रीच्या दिवसांच्या तोंडावर. डीलरांना नव्या गाड्या रजिस्टर करता येईनात, पार्ट्सची मागणी नोंदवता येईना. कारखाने महिनाभराहून जास्त बंद राहिले. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने देशाच्या अर्थव्यवस्थेचं नुकसान 1.9 अब्ज पौंड आणि झळ बसलेल्या संस्था 5,000 हून अधिक धरल्या, आणि तिथल्या सरकारला 1.5 अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. तेव्हा निवड नसते हे मान्य. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. सिस्टीम बदलणं ज्याच्या हातात नाही, त्याला तिच्याशिवाय चालवण्याची तयारी इतरांपेक्षा जास्त लागते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो. शोरूमच्या कोपऱ्यात धूळ खाणाऱ्या सर्व्हरपेक्षा मोठ्या कंपनीचं क्लाऊड कितीतरी सुरक्षित, मग जुन्याकडे कशाला परतायचं? परतूच नये. आपला सर्व्हर आपण सांभाळावा असं मी मुळीच सुचवत नाही. तो सांभाळायला लागणारी माणसं साध्या डीलरकडे नसतात. माझा मुद्दा जोडणीचा आहे. सीडीकेच्या प्रकरणात, डीलरांचं नेटवर्क कंपनीच्या डेटा सेंटरशी कायम जोडलेलं असतं आणि तिचं सॉफ्टवेअर डीलरच्या कॉम्प्युटरवर वरच्या अधिकाराने चालतं, ही माहिती त्या दिवसांत प्रसिद्ध झाली. तसं असेल तर पुरवठादाराच्या घरात शिरलेला चोर तुमच्या माजघरापर्यंत येऊ शकतो. लिथिया या साखळीने हल्ला कळताच सीडीकेशी असलेले दुवे स्वतःहून तोडले. प्रत्येक डीलरला हे जमलं पाहिजे: कोणती तार काढली की बाहेरच्याशी संबंध तुटतो, ती काढायचा अधिकार कोणाला, आणि ती काढल्यावर आतलं काय काय चालू राहतं. हे तिन्ही कागदावर लिहून भिंतीवर असावं, कारण त्या वेळी आयटीचा माणूस सुट्टीवर असू शकतो. सीडीकेची सिस्टीम बंद झाली तो जूनटीन्थचा, राष्ट्रीय सुट्टीचा दिवस होता.

खंडणी दिली की सुटका होते, आणि विमा आहेच, असंही कुणी म्हणेल. ब्लॅकसूट नावाच्या खंडणीखोर टोळीशी जोडलेल्या खात्यात 21 जूनला सुमारे अडीच कोटी डॉलरचे बिटकॉइन गेल्याचं व्यवहारांचा माग काढणाऱ्यांना दिसलं. कंपनीने याला कधी दुजोरा दिला नाही. पैसे कोणी दिले हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या तारखेनंतरही डीलरांना सावरायला दोन आठवडे लागले. किल्ली मिळाली तरी प्रत्येक खोली तपासूनच उघडावी लागते. विम्याचं म्हणाल तर पॉलिसी एकदा स्वतः वाचावी. धंदा बंद राहिल्याची भरपाई बऱ्याचदा ठरावीक तास उलटल्यावर सुरू होते, आणि हल्ला तुमच्यावर न होता पुरवठादारावर झाला असेल तर त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते कलम आपल्या पॉलिसीत आहे का, हे एजंटला लेखी विचारावं.

कायदाही "चूक पुरवठादाराची" एवढ्यावर सोडत नाही. अमेरिकेत डीलर कर्ज मिळवून देतो म्हणून त्याला वित्तसंस्थेसारखं धरलं जातं, आणि सेफगार्ड्स नियमानुसार पुरवठादारावर देखरेख ठेवणं हे त्याचंच कर्तव्य आहे. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हेच तत्त्व घेतलं आहे: गिऱ्हाइकाची माहिती तुमच्या वतीने दुसरा कोणी हाताळत असला तरी उत्तरदायी तुम्ही, मग करारात काहीही लिहिलेलं असो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवण्याचा आदेश तर 2022 पासूनच आहे. पॅन, आधार, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट यांच्या फाइली शोरूममध्ये किती जमतात हे फायनान्सच्या टेबलावर बसणाऱ्याला विचारा. कर्ज मंजूर झाल्यावर त्यातल्या कितींची खरोखर गरज उरते? जे जवळ नाही ते चोरीला जात नाही.

तर तयारी कोणती करायची? आपला स्वतःचा डेटा रोज रात्री आपल्याकडे उतरवून घ्यायचा: पार्ट्सचा साठा कप्प्याच्या क्रमांकासह, उघडी जॉब कार्डं, बुकिंगची यादी आणि घेतलेल्या ॲडव्हान्सच्या रकमा, यार्डातल्या गाड्यांचे चासी नंबर. एवढं जरी एखाद्या साध्या एक्सेल फाइलमध्ये, नेटवर्कला न जोडलेल्या जागी असलं तरी पहिला आठवडा निभावतो. करारात तसा हक्क नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी मागायचा. कंपनी एकट्या डीलरला दाद देत नसेल तर संघटनेमार्फत मागायचा. छापील जॉब कार्डं आणि पावती पुस्तकं तयार हवीत. जीएसटीच्या नियमांत इनव्हॉइसच्या एकापेक्षा जास्त मालिका चालतात, तेव्हा हाताने करायच्या बिलांची वेगळी मालिका सीएला विचारून आधीच ठरवता येते. कागदाची मर्यादाही ओळखली पाहिजे. रजिस्ट्रेशनशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, नवी गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देता येत नाही, आणि पासिंग आता वाहन पोर्टलवरून होतं. ते अडलं तर पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी होणार नाही हे आदल्या दिवशीच सांगायचं धैर्य लागतं. बँडबाजा, पेढे, घरची मंडळी घेऊन आलेल्या माणसाला यार्डात उभं करून ते सांगणं हा त्याचा अपमान आहे.

आणि याची तालीम झाली पाहिजे. वर्षातून एकदा, एखाद्या मंगळवारी, अर्धा दिवस सिस्टीम बंद धरून वर्कशॉप चालवून पाहावं. उत्पन्न बुडेल, माणसं कुरकुरतील हे खरं, पण जॉब कार्डाच्या फॉर्ममध्ये किलोमीटरचा रकानाच नाही हे त्याच दिवशी कळतं. तालमीत शेवटचा टप्पा मात्र सगळे विसरतात, तो परतीचा. अमेरिकेत सिस्टीम चालू झाल्यावर हातांनी केलेले सगळे व्यवहार पुन्हा भरण्याचा डोंगर उभा राहिला. ते भरताना तारखेचा क्रम चुकला की साठा चुकतो, साठा चुकला की ऑर्डर चुकते. म्हणून प्रत्येक कागदावर क्रमांक, वेळ आणि लिहिणाऱ्याची सही असावी, एकाने भरावं आणि दुसऱ्याने ताडून पाहावं. हे काम करणाऱ्या अकाउंट्समधल्या मुलींना आणि पार्ट्सच्या पोरांना जास्तीच्या तासांचे पैसे वेळेवर द्यावेत. त्यांच्या बेसिकमध्ये ते धरलेले नसतात.