उन्हाळी टोमॅटोचा फुलोरा का गळतो?

प्रश्न : आमची एक एकर बागायत आहे. फेब्रुवारीच्या शेवटी टोमॅटो लावतो. एप्रिलमध्ये झाडे फुलांनी भरतात, ठिबकचे पाणीही वेळेवर असते, तरी फुले गळतात. फवारण्या करून थकलो. हा हवामान बदलाचा परिणाम आहे का? लहान शेतकऱ्याने काय करावे?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : गळू लागलेले फूल तळहातावर घेऊन पाहा. देठाचा सांधा पिवळा पडलेला असतो. मधल्या परागकोशांच्या पिवळ्या नळीबाहेर कुक्षी डोकावत असेल, तर दोष बहुधा उष्णतेचा. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. कुक्षी बाहेर आली की पराग तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. शिवाय दिवसा पारा 35 अंशांवर आणि रात्रीही 22-24 अंशांच्या वरच राहिला, तर परागच वांझ होतो. मुळांना कितीही पाणी मिळाले तरी मग फळधारणा घटते.

पराग बिघडतो तो फूल उमलण्यापूर्वी आठवडा-दीड आठवडा, कळीतच. गळ दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. संजीवकाने काही फुले टिकतात, पण वांझ पराग सुधारत नाही. म्हणून खर्च बाटल्यांवर नको, लागवडीच्या आखणीवर हवा.

एका हंगामाच्या गळीवरून हवामान बदलाचा निवाडा करता येणार नाही. मात्र उष्णतेच्या लाटा वाढत आहेत, रात्रीही तापू लागल्या आहेत. तेव्हा तयारी दरवर्षीचीच धरा.

पहिला उपाय बिनखर्चाचा. सगळे रान एकाच दिवशी लावू नका. निम्मे जानेवारीतच लावा, म्हणजे पहिले तोडे कडक उन्हाआधी हाती येतील. लावणीआधी शेताभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा. गरम वारा अडतो आणि विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीलाही आडकाठी होते. मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर ठेवा. उसाचे पाचट मिळत असेल तर तेही चांगले. त्याने माती थंड राहते. पाणी एकदम न देता सकाळ-संध्याकाळ विभागून द्या आणि फुलोऱ्यात युरियाचा हात आखडता घ्या. पैसे असतील तर 35 टक्के सावलीची पांढरी शेडनेट घाला. त्याहून दाट सावलीत झाडे उंच वाढतात, फळे कमी धरतात.

अवकाळी पावसाने रानात पाणी साचत असेल, तर वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपे लावून पाहा. टोमॅटोची मुळे साचलेल्या पाण्यात लवकर गुदमरतात, वांग्याची जास्त तग धरतात. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने हे तंत्र रुजवले. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेतही त्यावर काम झाले आहे. कलमी रोप महाग पडते, म्हणून आधी पाच गुंठ्यांवरच अजमावा. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, नाहीतर टोमॅटोला स्वतःची मुळे फुटतात आणि कलमाचा उपयोग राहत नाही.

शेतात सावलीला, पिकाच्या उंचीवर कमाल-किमान तापमापी टांगा आणि रोजचे आकडे वहीत लिहा. ती वही नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून पुढच्या लागवडीची तारीख आणि वाण ठरवा. ही नोंद या हंगामापासूनच सुरू करा.