‘वाइज’ कोणाला म्हणावे?

इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना अवघड शब्दांचे भय वाटते. परंतु माझ्या मते खरा घोटाळा सोप्या शब्दांतच होतो. ‘वाइज’ हा असाच एक शब्द. ‘वाइज म्हणजे शहाणा’ असे आपण शाळेत पाठ करतो आणि जन्मभर त्याच शिदोरीवर भागवतो. नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम अ वाइज अँड हार्डवर्किंग यंग मॅन’ असे वाक्य लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. तरीही ते वाचून जाणकाराला हसू आल्यावाचून राहत नाही. असे का व्हावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचे कुळ पाहू. ‘वाइज’ हा जुन्या इंग्रजीतला अस्सल शब्द. ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘विसेन’ या जर्मन क्रियापदाशी त्याचे जवळचे नाते आहे. या सर्वांच्या मुळाशी ‘पाहणे, जाणणे’ अशा अर्थाचा एक प्राचीन धातू होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातील ‘विद्’ धातू त्याच घराण्यातला. म्हणजे ‘वेद’, ‘विद्या’ आणि ‘विद्वान’ ही ‘वाइज’ची चुलत भावंडेच ठरतात! लॅटिनमधून आलेला ‘व्हिजन’ आणि ग्रीकमधून आलेला ‘आयडिया’ हेही याच गोतावळ्यातले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे असे प्रतिपादन केले आणि अशा नात्यांच्या शोधाला मोठी चालना मिळाली.

‘वाइज’चे नाम ‘विज्डम’. ‘फ्रीडम’, ‘किंगडम’ या शब्दांतला ‘डम’ हा प्रत्यय त्याला लागला आहे. मात्र ‘चाइल्ड’चे अनेकवचन ‘चिल्ड्रन’ होताना जसा स्वर आखडतो, तसाच तो येथेही आखडतो. ‘वाइज्डम’ असा उच्चार करू नये. दोन्ही शब्दांतला ‘ज’ आपल्या ‘आवाज’मधल्या ‘ज’सारखा उच्चारावा.

आता अर्थाकडे वळू. इंग्रजीत बुद्धीच्या चपळाईला ‘क्लेव्हर’ म्हणतात आणि माहितीच्या साठ्याला ‘नॉलेज’. ‘वाइज’ या दोहोंहून निराळा आहे. कोणत्या वेळी काय करणे हिताचे आणि उचित, याची पारख त्यात अभिप्रेत आहे. चोर ‘क्लेव्हर’ असू शकतो; त्याला ‘वाइज’ कोणी म्हणणार नाही. बायबलातील सॉलोमन राजाची कथा या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकाच मुलावर दोन स्त्रिया आपला हक्क सांगत होत्या. राजाने तलवार मागवून मुलाचे दोन तुकडे करण्याची आज्ञा दिली. तेव्हा ‘मूल तिला द्या, पण त्याला मारू नका’ असा आकांत जिने केला, तीच खरी आई ठरली. राजाजवळ ना साक्षीदार होता, ना पुरावा. माणसाच्या मनाची पारख मात्र होती. ही ‘विज्डम’.

आपल्या ‘शहाणा’ शब्दाचा व्याप याहून वेगळा आहे, आणि भाषांतरात नेमकी तेथेच ठेच लागते. ‘शहाणं बाळ ते’ याचे इंग्रजी ‘गुड चाइल्ड’ असे होईल. ‘उगाच शहाणपणा करू नकोस’ याचे भाषांतर ‘डोन्ट बी वाइज’ असे केले, तर ‘विवेकाने वागू नकोस’ असा भलताच उपदेश पदरी पडेल! तेथे ‘डोन्ट ट्राय टु बी क्लेव्हर’ हेच योग्य. परीक्षेत चांगले गुण मिळवणारा विद्यार्थी ‘ब्राइट’ किंवा ‘क्लेव्हर’. निर्णय आणि सल्ला मात्र ‘वाइज’ असू शकतात. ‘इट वॉज वाइज ऑफ हर टु वेट’ म्हणजे ‘ती थांबली, हे तिने शहाणपणाचे केले’. कोठे कोठे दोन्ही भाषा अगदी हातात हात घालून चालतात. ‘अ वर्ड टु द वाइज’ आणि आपली ‘शहाण्याला शब्दाचा मार’ ही म्हण, यांत काय अंतर आहे? ‘नन द वायझर’ हा वाक्प्रचारही ध्यानात ठेवावा. सगळे ऐकून झाले तरी माणसाच्या ज्ञानात काही भर पडली नाही, असा त्याचा अर्थ.

‘क्लॉकवाइज’, ‘लाइकवाइज’, ‘अदरवाइज’ यांतला ‘वाइज’ मात्र शहाणा नव्हे! तेथे त्याचा अर्थ ‘रीत’ किंवा ‘प्रकार’ असा आहे.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे ‘शहाणा’चा ‘दीडशहाणा’ झाला. इंग्रजीतही ‘वाइज’ची तीच गत झाली. ‘वाइज’वरूनच निघालेला ‘विजर्ड’ हा शब्द आधी ज्ञानी पुरुषाला लावीत, पुढे तो जादूगाराला चिकटला. ‘वाइजेकर’ म्हणजे सर्वज्ञतेचा आव आणणारा. जमिनीच्या एकराशी त्याचा काही संबंध नाही. भविष्यवेत्त्यासाठी असलेल्या जुन्या डच शब्दाचे ते बिघडलेले रूप आहे. अमेरिकेत ‘वाइज गाय’ म्हणजे तर सरळ सरळ आगाऊ माणूस! शहाणपणाची प्रौढी मिरवणारी माणसे दोन्ही समाजांनी पाहिली आणि दोन्ही भाषांनी त्यांची सारखीच टिंगल केली.

आता त्या अर्जाकडे पाहा. ‘हार्डवर्किंग’ असल्याचे आपण आपल्याविषयी सांगू शकतो. कष्टांचा हिशोब देता येतो. ‘वाइज’ हे विशेषण मात्र इतरांनी, आपली वागणूक पाहून, आपल्याला द्यावयाचे असते. प्लेटोने लिहून ठेवले आहे की, डेल्फीच्या देववाणीने सॉक्रेटिसाहून शहाणा कोणी नाही असा कौल दिला, तेव्हा तो स्वतःच चकित झाला. पुष्कळ शोधाअंती त्याने निष्कर्ष काढला तो एवढाच की, आपल्याला ठाऊक नसलेले ठाऊक आहे, असे तो मानत नव्हता. पदवी हाती पडल्यावर अर्ज लिहावयास बसणाऱ्या माझ्या विद्यार्थिमित्रांना म्हणूनच माझे सांगणे आहे, की आपले शिक्षण, आपले श्रम, आपला अनुभव खुशाल लिहावा. ‘वाइज’ हा शब्द मात्र तुमच्याविषयी शिफारसपत्र लिहिणाऱ्या गुरुजनांसाठी राखून ठेवावा.