पंख्याला हुकूम कोण देतंय, ते आधी शोध

पोरी, तू आता भांडुपमध्ये लोकांचे पीसी उघडायला लागली आहेस, म्हणून हे सांगून ठेवतो. गेम खेळणारी कॉलेजची मुलं असोत की घरी बसून व्हिडिओ एडिटिंग करणारे, हल्ली पुष्कळांच्या कॅबिनेटमध्ये पाण्याचा कूलर बसलेला असतो. त्याच्या दोन तक्रारी तुझ्याकडे हमखास येणार. एक म्हणजे पंखे कायम पूर्ण वेगानं ओरडतात, काही केल्या कमी होत नाहीत. दुसरी उलट, प्रोसेसर तापलाय पण पंखे जागचे हलत नाहीत. दोन्ही वेळा गिऱ्हाईक म्हणेल, पंखा गेला, लॅमिंग्टन रोडवरून नवा आणून टाक. तू घाई करू नकोस. पंख्याची मोटर सहसा जात नाही. तिला हुकूम कोण देतंय आणि तो तिच्यापर्यंत पोचतोय का, एवढं आधी बघायचं.

पंख्याच्या चार तारांचं काम पाठ करून ठेव. एक ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट. तिसरीवरून पंखा आपला वेग मदरबोर्डला कळवतो, एका फेरीला दोन ठोके. चौथीवरून हुकूम येतो, तोही ठोक्यांचाच, सेकंदाला साधारण २५ हजार. प्रत्येक ठोक्यात सिग्नल किती वेळ चालू राहतो त्यावर वेग ठरतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. इंटेलनं ही चार पिनांची पद्धत २००४ च्या सुमारास रूढ केली. त्याआधीच्या तीन पिनांच्या पंख्याला हुकमाची तारच नाही, त्याचा वेग उतरवायचा तर व्होल्टेजच उतरवावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागेत अगदी नीट बसतो, कारण खाच मुद्दाम तशी ठेवली आहे. पण बायोसमध्ये ती जागा पीडब्ल्यूएमवर ठेवलेली असेल, तर त्या पंख्याला सतत पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि तो रात्रंदिवस पूर्ण वेगानं फिरतो. त्या जागेचा मोड डीसी केला की तो शांत होतो. चार पिनांचा पंखा डीसीवर ठेवला तर चालतो, पण व्होल्टेज फार खाली गेलं की अडखळतो आणि कधी सुरूच होत नाही. आणखी एक लक्षात ठेव. चौथी तार तुटली किंवा पिन वाकली, तर चार पिनांचा पंखा थांबत नाही, पूर्ण वेगानं पळतो. तो तसाच बनवलेला आहे. हुकूम मिळाला नाही म्हणून प्रोसेसर भाजण्यापेक्षा आवाज झालेला परवडतो. तेव्हा सतत ओरडणारा पंखा दिसला की तो बिघडलाय असं न धरता त्याला हुकूम मिळत नाही असं धरून चाल.

आता तपासायचं कुठे? विंडोजमध्ये नाही, बायोसमध्ये. तिथं कुठलंही सॉफ्टवेअर मध्ये येत नाही. पंख्याचा वेग १०० टक्के कर, थोडं थांब, मग ४० टक्के कर आणि कान लाव. आवाज बदलला तर पंखा, तार आणि मदरबोर्ड तिन्ही ठीक आहेत, दोष वर विंडोजमध्ये आहे. बदलला नाही तर कॅबिनेट उघड. आधी एसएमपीएसचं बटण बंद कर, मग पंख्यापासून निघणाऱ्या केबलवर बोट ठेव आणि ती जिथं संपते तिथपर्यंत बोट उचलू नकोस. नुसतं बघून अंदाज बांधायचा नाही. केबल एकावर एक बांधलेल्या असतात, त्यात डोळा चुकतो.

ती केबल कुठे संपते त्यावर पुढचं सगळं ठरतं. मदरबोर्डवर सीपीयू फॅन, सीपीयू ऑप्ट, एआयओ पंप आणि चासी फॅन अशी नावं छापलेली असतात. पंख्यांची केबल सीपीयू फॅनवर हवी आणि पंपाची पंपाच्या जागेवर. पंप चासी फॅनवर लावलेला आढळला तर ताबडतोब काढ. त्या जागेचा वेग बायोस तापमान कमी असताना उतरवतो आणि पंपही त्याबरोबर मंदावतो. पंपाला चढ-उतार नको, एकच ठरलेला वेग दे. आणि सीपीयू फॅनची जागा रिकामी सोडलीस तर वेगाचा ठोका न मिळाल्यामुळे बरेच बोर्ड चालू होतानाच पंख्याची चूक दाखवून अडून बसतात.

केबल मदरबोर्डपर्यंत आलीच नाही, वाटेत एका छोट्या डबीत शिरली, तर बायोसमध्ये तासभर बसूनही काही होणार नाही. कोर्सेअरच्या एलिट कॅपेलिक्स मालिकेत पंखे कमांडर कोअर नावाच्या डबीला जोडतात. तिला वीज साटाच्या केबलमधून मिळते, हुकूम यूएसबीवरून मिळतो. मदरबोर्डकडे जी तार जाते ती फक्त पंपाचा वेग कळवायला. अशा वेळी हुकूम कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे असतो. विंडोजला ती डबी दिसतच नसेल तर मदरबोर्डवरची यूएसबीची नऊ पिनांची जोडणी बघ, ती फार सैल असते. लाइट जाऊन आल्यावर किंवा पीसी झोपेतून उठल्यावर डबी हरवली असेल, तर एसएमपीएस बंद करून प्लग काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो, मग पुन्हा लाव. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर २ मध्ये आणखी वेगळं आहे. त्यात रेडिएटरचे पंखे, पंप आणि पंपावरचा बारका पंखा सगळे एकाच चार पिनांच्या केबलवर आहेत. म्हणजे आवाज नको म्हणून पंखे उतरवलेस की पंपही उतरतो. तिथं अगदी खालच्या टक्क्यावर नेऊ नकोस. म्हणून सांगतो, कूलरचं मॉडेल बघितल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही.

स्प्लिटरचाही गुंता समजून घे. एका जागेवर तीन पंखे जोडले तरी वेग कळवणारी तार एकाच पंख्याची पुढे जाते, बाकीच्यांची ती पिन मुद्दाम काढलेली असते. बायोस एकच आकडा दाखवतो, म्हणजे दुसरे दोन बंद पडलेत असं नाही, आणि ते फिरतायत याचीही खात्री नाही. ते डोळ्यांनी बघायचं. साध्या जागेची मर्यादा बहुतेक बोर्डांवर १ अँपिअर असते. पंख्यामागच्या स्टिकरवरचे आकडे जोडून बघ, बेरीज जवळ गेली तर साटाची वीज घेणारा हब लाव. रंगीत दिव्यांच्या केबलबद्दल तर कायम सावध राहा. तीन पिनांचे दिवे ५ व्होल्टचे, चार पिनांचे १२ व्होल्टचे. ५ व्होल्टच्या दिव्यांना चुकून १२ मिळाले की ते कायमचे गेले.

सॉफ्टवेअरचं भांडण ओळखायला सोपं आहे. पंखे चढतात, उतरतात, पुन्हा चढतात, आणि कारण सापडत नाही. मदरबोर्डच्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर, कूलरचं दुसरं, वर मित्रानं सांगितलं म्हणून टाकलेलं तिसरं. तिघंही एकाच सेन्सरला प्रश्न विचारतात आणि एकाच पंख्याला हुकूम देतात. एक ठेव, बाकीची नुसती बंद करू नकोस, काढूनच टाक.

आणि आता जे सांगतो ते इथल्या हवेचं आहे, ते कुठल्या डब्यावर छापलेलं सापडणार नाही. पंख्याचा वेग दोनपैकी एका तापमानावर ठरवता येतो, प्रोसेसरच्या किंवा पाण्याच्या. प्रोसेसर एक विंडो उघडली तरी सेकंदात ४५ वरून ७० अंशांवर जातो आणि लगेच खाली येतो. पंखे त्याच्यामागे धावले की घरात सतत भुर्रर्र-शांत-भुर्रर्र चालू राहतं. पाणी तसं नाही. गॅसवर ठेवलेलं पातेलं जसं हळूहळू तापतं आणि गॅस बंद केल्यावरही वेळानं निवतं, तसं कूलरमधलं पाणी वागतं. जिथं पाण्याचा सेन्सर आहे तिथं पंखे पाण्यावर चालव. जिथं नाही तिथं बायोसमध्ये चढायला आणि उतरायला जो विलंब देता येतो तो मिळेल तितका दे.

पण पाण्यावर चालवताना किती अंशांना किती वेग, याची कंपनीनं आखून दिलेली रेषा आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. रेडिएटर पाण्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. मे महिन्यात मुंबईचा पारा दिवसा ३३-३४ अंशांवर असतो. टेंभीपाड्यात डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहूनही जास्त. तिथं पीसी नुसता चालू असला तरी पाणी ३६-३७ वर जाऊन बसतं. ज्या रेषेत ३० अंशांना पंखे चढू लागतात आणि ४० ला पूर्ण धावतात, ती थंड खोलीसाठी ठीक. आपल्याकडे त्या रेषेवर पंखे एप्रिल ते जून ओरडतच राहतील आणि गिऱ्हाईक म्हणेल कूलर खराब निघाला. मी रेषा अशी ठेवतो: ३८ पर्यंत ४० टक्के, ४२ ला ५५, ४६ ला ७५ आणि ५२ ला पूर्ण. पाणी ६० च्या जवळ जाऊ द्यायचं नाही. ही रेषा जानेवारीत पुन्हा एकदा बघून घ्यायची.

पूर्ण वेगाचा हव्यासही सोडायला सांग. कारखान्यातल्या ब्लोअरवर आम्ही जो हिशेब लावायचो तोच इथं लागू पडतो. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धी मिळते, पण लागणारी वीज आठवा हिस्सा. उलट शेवटच्या वीस-पंचवीस टक्क्यांत आवाज फार वाढतो आणि तापमान एखाद-दोन अंशच उतरतं. शिवाय एएमडीचे २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण कामात ९५ अंशांपर्यंत जायला बनवलेलेच आहेत. तो आकडा बघून घाबरलेल्या माणसाला हे शांतपणे समजावून सांग.

पंखे पूर्ण धावतायत, प्रोसेसर मिनिटभरात ९०-९५ वर गेलाय, आणि रेडिएटरमधून येणारी हवा मात्र गार लागते? मग पंख्यांचा विषय संपला, पाणी फिरत नाहीये. दोन्ही नळ्यांना हात लाव. एक चांगली गरम आणि दुसरी गार असेल तर पंप तरी बंद आहे किंवा वाट तुंबली आहे. पंप फिरतोय असं दिसूनही गुळगुळ आवाज येत असेल तर रेडिएटर कसा बसवलाय ते बघ. पंप सगळ्यात उंचावर असता कामा नये, नाहीतर हवा तिथंच जमते.

साफसफाईत कुचराई करू नकोस. एलबीएस रोडवर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून रस्त्याकडच्या खिडक्यांतून बारीक सिमेंटची धूळ येते, आणि ती रेडिएटरच्या पात्यांत घट्ट बसते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेव. मोकळा सोडलास तर तो हवेनं भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. पूर्वेला मिठागरांच्या बाजूच्या घरांतले पीसी आले तर कनेक्टरच्या पिना भिंगातून बघ. खाऱ्या दमट हवेनं त्यांच्यावर थर चढतो, आणि पावसाळ्यात हुकमाच्या तारेचा संपर्क मधूनच तुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मऊ ब्रशनं पुस, पूर्ण वाळू दे, मगच लाव.

पंपच गेला असेल तर तो उघडायचा प्रयत्न करू नकोस. स्क्रू सैल केलास की वॉरंटी संपली आणि पाणी ग्राफिक्स कार्डवर. बिल आहे का विचार. या कूलरची वॉरंटी कंपनीप्रमाणे दोन-तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत असते, आणि पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. बदलून मिळेपर्यंत त्यांचं काम अडू नये म्हणून साधा हवेचा एक कूलर घरात ठेव आणि तोवर तो लावून दे.