गंधाची लिपी

पहिल्या पावसाने भिजलेली माती, फोडणीतला हिंग, देवघरातली उदबत्ती या प्रत्येकाचा गंध निराळा. डोळे मिटूनही माणूस तो अचूक ओळखतो. हे कसे घडते?

पदार्थापासून सुटलेले सूक्ष्म रेणू श्वासाबरोबर नाकात शिरतात. नाकाच्या वरच्या भागातील ओलसर आवरणात लक्षावधी चेतापेशी असतात. त्यांच्या टोकांवर गंधरेणूंना प्रतिसाद देणारी प्रथिने असतात. त्यांना ‘गंधग्राही’ म्हणतात. ती घडवण्याची सूचना जनुकांत साठवलेली असते. अमेरिकेतील लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी उंदरांचा अभ्यास करून १९९१ मध्ये या जनुकांचे मोठे कुल उजेडात आणले. या कार्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उंदरात अशी कार्यक्षम जनुके हजाराच्या आसपास, तर माणसात केवळ चारशेच्या आसपास असतात. उत्क्रांतीच्या ओघात माणसाची अनेक गंधजनुके निकामी झाली. तरीही त्याला असंख्य गंध कळतात. कारण एक गंधरेणू अनेक गंधग्राहींना जागवतो आणि एक गंधग्राही अनेक रेणूंना ओळखतो. मोजक्या अक्षरांतून अगणित शब्द व्हावेत, तसे हे आहे. कोणकोणत्या पेशी जाग्या झाल्या, यावरून मेंदू गंधाचा अर्थ लावतो.

ही जनुके सर्वांची सारखी नसतात. काहींना कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो. एका गंधजनुकाजवळच्या फरकाशी याचा संबंध असल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. म्हणून कोथिंबीर पाहून नाक मुरडणारा प्रत्येक जण नखरेलच असतो, असे नाही.

गंध केवळ सुखासाठी नसतो. तो रक्षणकर्ताही आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. ज्याचे घ्राणेंद्रिय मंदावले, त्याला हा इशारा ऐन वेळी मिळत नाही. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत असंख्य लोकांची गंधसंवेदना हरपली, तेव्हा तिचे मोल जगाला उमगले. नाकातील या चेतापेशी आयुष्यभर नव्याने निर्माण होत राहतात. अनेकांना गंधसंवेदना परत लाभली. काहींना मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

शब्दार्थ : घ्राणेंद्रिय – वास घेणारे इंद्रिय, कुल – घराणे, समूह, नाक मुरडणे – नापसंती दाखवणे.

पाठगत प्रश्न
१. माणसाला चारशेहून कितीतरी अधिक गंध का ओळखता येतात?
२. वास न येणाऱ्या व्यक्तीच्या घरी कोणती दक्षता घ्यावी? तुमच्या शब्दांत लिहा.