ही हद्द कशावरून?

मागच्या हिवाळ्यात मॅप रीडिंगच्या हाइकला आम्ही अजमेरच्या आनासागर तलावाजवळच्या टेकड्यांवर गेलो होतो. स्केचमध्ये खडकही दाखवायचे होते. करडा, पट्ट्यापट्ट्यांचा दगड दिसला तिथे मी एकच रंग भरला आणि बाजूने ठळक रेघ ओढली. सरांनी विचारले, "ही हद्द कशावरून?" मी म्हणालो, "दिसतो सारखा, सर." गुण गेले, पण प्रश्न डोक्यात राहिला. मग लायब्ररीच्या तासांना वाचत गेलो.

भूगोलाच्या पुस्तकात अरवली ही एकच रांग असते. भूवैज्ञानिक मात्र तिच्यात दोन पर्वतपट्टे मानतात: जुना अरवली आणि नंतरचा दिल्ली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. एम. हेरॉन यांचा या भागावरचा ग्रंथ 1953 साली निघाला. मेवाडचा बहुतेक पट्टेदार नाइस खडक त्यांनी एकाच प्राचीन पायाचा भाग मानला. म्हणजे माझ्यासारखी अडचण थोरामोठ्यांनाही आली होती! (हे मी सरांना सांगितले नाही.) तेव्हा या खडकांचे वय मोजण्याची सोय नव्हती.

आता ती आहे. ग्रॅनाइट आणि नाइसमध्ये झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात, बरेचदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे. स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आत सापडणारे शिसे बहुतेक युरेनियमपासूनच झालेले. युरेनियम-238 निम्मे व्हायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात, युरेनियम-235 ला सुमारे 70 कोटी. एकाच दाण्यात दोन घड्याळे! दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर वय भरवशाचे. दाखवत नसतील तर मधे केव्हातरी शिसे निसटले आहे. कधीकधी खडक पुन्हा तापला की जुन्या गाभ्याभोवती झिरकॉनचे नवे कवच चढते. मग गाभ्याचे वय वेगळे, कवचाचे वेगळे.

मेवाडच्या सर्वांत जुन्या नाइसचे वय सुमारे 330 कोटी वर्षे निघाले. आमच्या आनासागरजवळचा नाइस मात्र सुमारे 185 कोटी वर्षांचा. दोन्ही पट्टेदार, पण मधे जवळजवळ दीडशे कोटी वर्षे! साताऱ्याला आजोबांच्या घरामागचा काळा दगड साधारण 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे या दोघांपुढे तान्हे बाळच.

ग्रॅनाइट ज्या थरांत घुसतो ते थर त्याच्याहून जुनेच असणार. सेंद्रा येथील ग्रॅनाइट दिल्ली पट्ट्याच्या थरांत घुसलेला आहे आणि त्याचे वय सुमारे 97 कोटी वर्षे आहे. तेव्हा तिथले थर त्याआधीचे, एवढे नक्की.

मला सगळ्यात आवडली ती फुलादची गोष्ट. तिथे दिल्ली पट्ट्याची पश्चिम हद्द आहे. दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासत सरकले, आणि ते सरकत असतानाच काही ग्रॅनाइट आत घुसून त्यांच्याबरोबर ताणला गेला. त्याचे वय निघाले सुमारे 82 कोटी वर्षे. म्हणजे हद्द कुठे आहे एवढेच नाही, तिथली हालचाल केव्हा झाली तेही कळले.

मी स्केच पुन्हा काढले. नकाशात खात्री नसलेली हद्द तुटक रेघेने दाखवतात. माझ्याकडे झिरकॉन नाही, प्रयोगशाळा नाही, फक्त कंपास आणि पेन्सिल. म्हणून या वेळी टेकडीभोवतीची रेघ मी तुटकच ठेवली आहे.